ज्येष्ठाला बसवायचं कधी, पोराला खेळवायचं किती

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळी मी डगआउटच्या जाळीला लाइनअपचा कागद चिकटवला आणि पाण्याचा कूलर आणायला म्हणून गाडीकडे सटकलो. कूलर मी आधीच आणून ठेवला होता. आमचा फर्स्ट बेसमन, दादा, त्रेचाळीस वर्षांचा. संघात अकरा वर्षं. मैदानाचं बुकिंग तोच करणार, नव्या चेंडूंचा डबाही तोच आणणार. तो कागदापाशी गेला, जरा वेळ उभा राहिला, परत येऊन बाकावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधू लागला. फर्स्ट बेसवर त्या दिवशी एकोणीस वर्षांचा, नुकताच सुट्टीवर आलेला पोरगा होता. मी परतलो तेव्हा दादा एवढंच म्हणाला, "कागद वाचायला मला चष्मा लागतो रे. पण माझं नाव नाही, हे चष्म्याशिवायही दिसलं."

पोराला खेळवण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. गाडीकडे मात्र पळणार नाही. त्या मोसमात मी केलेल्या चुका आणि मेजर लीगमधल्या मॅनेजरांनी अशा वेळी काय केलं याचं वाचन, या दोन्हींतून जे हाती लागलं ते इथे मांडतो. अमेरिकेत शनिवार-रविवारच्या हौशी संघाची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे, किंवा महाराष्ट्रात कॉलेजचा बेसबॉल-सॉफ्टबॉल संघ जे चालवतात, त्यांच्यासाठी हे आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांचे प्रशिक्षक असाल तर यातलं काहीच मनावर घेऊ नका. त्या वयात कोणी ज्येष्ठ नसतो, सगळ्यांना खेळवा.

आपण बहुतेक जण क्रिकेटच्या मैदानावरून इकडे आलेले. त्यामुळे 'बसवलं' म्हटलं की अख्खा सामना बाहेर, बारावा गडी, टॉवेल-पाणी असंच डोळ्यांपुढे येतं. बेसबॉलमध्ये मधल्या पायऱ्या पुष्कळ आहेत. मेजर लीगचा मोसम १६२ सामन्यांचा. नियमित खेळणाऱ्याला त्यात सहाशेच्या आसपास वेळा बॅट हातात घ्यायला मिळते, म्हणजे वाटायला माल भरपूर असतो. शेवटच्या इनिंगमध्ये एकाच पाळीसाठी पिंच हिटर पाठवता येतो, फक्त बॅटिंग करणारा डेझिग्नेटेड हिटर ठेवता येतो, बचाव पक्का करायला आठव्या इनिंगला माणूस बदलता येतो. एक काच मात्र आहे: मेजर लीगमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. हौशी लीगांत याचे नियम निरनिराळे असतात. काही ठिकाणी सुरुवातीच्या नऊ जणांतला माणूस एकदा परत येऊ शकतो, काही ठिकाणी हजर असलेले सगळे क्रमाने बॅटिंग करतात. आपल्या लीगचं नियमपत्रक आधी नीट वाचा. मी ते जूनमध्ये वाचलं आणि कपाळावर हात मारला. आमच्याकडे डेझिग्नेटेड हिटरची सोय पहिल्या दिवसापासून होती.

आता मुख्य प्रश्न. ज्येष्ठाचा फॉर्म खरंच गेलाय का, की नुसते दिवस वाईट आहेत?

इथे थोडं गणित करावं लागेल. ज्याची खरी कुवत .२७०ची आहे, म्हणजे शंभर संधींत २७ हिट, असा बॅटर घ्या. त्याच्या खेळात तसूभर बदल न होता, केवळ नशिबाच्या हेलकाव्याने, शंभर संधींत २२ किंवा त्याहून कमी हिट मिळण्याची शक्यता साधारण सहात एक असते. संधी फक्त ४० असतील तर ८ किंवा त्याहून कमी हिट, म्हणजे .२०० किंवा त्याखाली, असं पाचात एकदा होतं. हेच उलट्या बाजूनेही लागू आहे. त्याच .२७०च्या बॅटरला ४० संधींत १४ हिट मिळून तो .३५०चा वाघ दिसावा, हेही सहात एकदा घडतं. रविवारच्या लीगमध्ये अख्ख्या मोसमात साठ-सत्तर संधी मिळतात. म्हणजे जूनच्या सुरुवातीला आपण ज्या आकड्यांवरून ज्येष्ठाला निकालात काढतो आणि पोराला डोक्यावर घेतो, ते आकडे दोघांबद्दलही जवळपास मुकेच असतात.

मग पाहायचं काय? बॅट आणि चेंडूची गाठ कशी पडते ते पाहायचं. मेजर लीगमध्ये २०१५पासून स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा प्रत्येक फटक्याचा वेग मोजते. आपल्याकडे दोनशे पानी वही असते, तीही पुरते. प्रत्येक पाळीसमोर एकच शब्द लिहा: कडक, मऊ किंवा हुकला. 'कडक' लागलेला चेंडू थेट शॉर्टस्टॉपच्या हातात गेला तरी कडकच. पंधरा-वीस पाळ्यांनी पान उघडून बघा. पानभर 'कडक' दिसत असेल आणि हिट नसतील, तर त्या माणसाला हात लावू नका. 'हुकला' वाढत चालले असतील तर काळजीचं कारण आहे. बॅटिंग अॅव्हरेजला स्थिरावायला शेकडो संधी लागतात. स्ट्राइकआउटचं प्रमाण त्यामानाने फार लवकर, साठेक पाळ्यांत, काहीतरी खरं सांगू लागतं.

त्यातही फास्टबॉलकडे लक्ष ठेवा. वय झालेल्या बॅटरचं पहिलं दुखणं तिथे दिसतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे फाउल सतत उजवीकडे, फर्स्ट बेसच्या बाजूच्या कुंपणावर जायला लागले की समजावं, बॅट उशिरा येतेय. मग हुशार ज्येष्ठ काय करतो? चेंडू ओळखायच्या आधीच स्विंग सुरू करतो. फास्टबॉल असला तर लागतो, पण कर्व्ह आली की बिचारा अर्ध्यावर लटकतो आणि चेंडू खाली गेलेला बघत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, 'याला आता कर्व्ह खेळता येत नाही.' मूळ दुखणं फास्टबॉलचं असतं.

आणि विचारा. गुडघा, मनगट, झोप, घरचं काही. आमच्या दादाने माझ्या सांगण्यावरून डोळे तपासून घेतले, तर लांबचाही नंबर बदललेला निघाला. नव्या चष्म्याने फरक पडला, पण थोडाच. बॅट उशिराच येत राहिली. सगळ्याचं कारण चष्माच निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं त्या दिवसांत मला फार वाटायचं.

बॉस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझचं २००९ साल आठवण्यासारखं आहे. वय ३३, आणि मोसम सुरू होऊन दीड महिना झाला तरी एकही होमरन नाही. पहिली आली २० मेला. 'पापी (हे त्याचं टोपणनाव) संपला' असं बॉस्टनमध्ये उघड बोललं जात होतं. मॅनेजर टेरी फ्रँकोनाने त्याला थोडी विश्रांती दिली, बॅटिंगच्या क्रमात तिसऱ्यावरून खाली आणलं, पण बाहेर काढलं नाही. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर २८ होमरन होत्या. पुढे २०१६मध्ये, चाळिशीत, ३८ होमरन मारून आणि .३१५चा अॅव्हरेज ठेवून तो निवृत्त झाला. सेंट लुइसच्या स्टॅन म्युझियलची गोष्टही अशीच. १९५९मध्ये .२५५वर आला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता, आणि १९६२मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी त्याने .३३० केले.

या गोष्टी ऐकल्या की धीर येतो. पण दुसऱ्या बाजूला बाल्टिमोरचा ख्रिस डेव्हिस आहे. २०१६पासून सात वर्षांचा १६.१ कोटी डॉलरचा करार. २०१८मध्ये अॅव्हरेज .१६८, स्ट्राइकआउट १९२. आणि मग त्या सप्टेंबरपासून पुढच्या १३ एप्रिलपर्यंत ओळीने ५४ संधी, हिट शून्य. त्याच्याबाबत वहीत 'कडक' शोधावं लागलं असतं. तरी तो खेळत राहिला, आणि त्यामागे कराराची रक्कम होती हे सांगायला तज्ज्ञ नको. पैसे तर दोन्हीकडून जाणारच असतात. माणूस खेळला म्हणून ते परत येत नाहीत. आपल्या हौशी संघात कोटी डॉलर नसतात, पण उपकारांचं खातं असतं. मैदान तोच बुक करतो, मागच्या वर्षी ट्रॉफीचे पैसे त्याने खिशातून घातले, माझ्या मुलीला त्याने कॉलेजच्या अर्जात मदत केली. हे खातं खरं आहे, ते फेडायलाही हवं. ते लाइनअपच्या कागदावर फेडू नका, म्हणजे झालं. त्याला जेवायला घेऊन जा.

आता पोराकडे वळू.

होतकरू खेळाडूचं सगळ्यात जास्त नुकसान बाकावर बसून होतं. ज्येष्ठाला बाकावर बसून काय करायचं ते माहीत असतं. तो समोरच्या पिचरकडे बघतो, सातव्या इनिंगला मागे जाऊन चार स्विंग मारून येतो, एका पाळीसाठी स्वतःला तापवतो. पोराला यातलं काही येत नाही. त्याला रोज चेंडू लागतो. म्हणून मेजर लीगमध्ये एक साधी चाल आहे: आठवड्यातून चार-पाच दिवस खेळवणार असाल तर पोराला वर बोलवा, नाहीतर तो ट्रिपल-एमध्ये, म्हणजे एक पायरी खालच्या लीगमध्ये, रोज खेळलेला बरा. आपल्याकडे ट्रिपल-ए नाही, पण दुसऱ्या फळीचा संघ असतो, शेजारच्या गावची बुधवारची लीग असते. तुमच्याकडे रविवारी बाकावर बसणार असेल, तर त्याला तिथे खेळायला मोकळा सोडा. 'आपला पोरगा दुसऱ्यांकडे कसा' म्हणून अडवू नका.

आणि खेळवायचं ठरवलंत, तर अपयश गृहीत धरून खेळवा. बॉस्टनच्याच डस्टिन पेड्रोयाने २००७चा एप्रिल .१८२वर संपवला. आदल्या वर्षीच्या अखेरीस जी थोडी संधी मिळाली होती तीही वाया गेली होती. बाकावर अॅलेक्स कोरा हा अनुभवी गडी तयार होता आणि मिळेल त्या संधीत चांगला खेळत होता. पुन्हा तोच मॅनेजर, फ्रँकोना. त्याने पोराला सेकंड बेसवरून हलवलं नाही. मोसमाअखेर पेड्रोया .३१७वर पोचला, अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवखा ठरला आणि बॉस्टनने वर्ल्ड सीरिज जिंकली. मला हा फ्रँकोना फार शिकवून जातो. २००७मध्ये त्याने पोरासाठी दम धरला, २००९मध्ये ज्येष्ठासाठी. तो म्हाताऱ्यांचा किंवा तरुणांचा माणूस नव्हता. एकदा ठरवलं की महिनाभर तरी आपलाच निर्णय उकरून बघायचा नाही, एवढं त्याला जमत होतं.

आपलं गाडं इथेच अडतं. या रविवारी पोरगा, त्याने चेंडू सोडला म्हणून पुढच्या रविवारी दादा, दादा तीनदा स्ट्राइकआउट झाला म्हणून पुन्हा पोरगा. लहानपणी खेळायचो ते तळ्यात-मळ्यात. मॅनेजरला वाटतं, आपण दोघांनाही न्याय देतोय. प्रत्यक्षात दोघंही प्रत्येक चेंडूला नोकरीची मुलाखत दिल्यासारखे खेळतात. आखडलेल्या खांद्यांनी बॅट फिरत नाही. जूनमधले तीन रविवार मी हेच केलं, आणि त्या तीन रविवारांच्या पानांवर माझ्या वहीत दोघांच्याही नावापुढे 'कडक' जेमतेम सापडतं.

यावर उपाय एकच: वाटणी आधी ठरवा, मुदत आधी ठरवा, आणि दोन्ही गोष्टी त्या दोघांना एकाच दिवशी सांगा. सहा रविवार म्हणजे सहा रविवार. त्यातले चार पोराचे, दोन दादाचे, तारखांसकट. मधे पोराने सामना घालवला तरी पुढची तारीख त्याचीच. सहावा रविवार झाला की वही उघडायची.

वाटणी कशी करायची याचे प्रकार खेळाने आधीच घडवून ठेवले आहेत. सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी मान दुखवणारा म्हणजे प्लॅटून: समोर उजव्या हाताचा पिचर असेल तर डावखुरा बॅटर, डाव्या हाताचा असेल तर उजवा. केसी स्टेंगलने न्यूयॉर्क यांकीजमध्ये ही पद्धत सर्रास वापरली आणि १९४९ ते १९५३ अशा ओळीने पाच वर्ल्ड सीरिज जिंकल्या. त्यामागचं कारण डोळ्यांचं आहे. आपल्याच बाजूच्या हाताने फेकणाऱ्याचा चेंडू पाठीमागून आल्यासारखा वाटतो आणि वळताना आपल्यापासून दूर पळतो. उलट्या हाताचा चेंडू लवकर दिसतो आणि अंगावर येतो. प्लॅटूनची गंमत अशी की बसवायचं कारण माणसात नसतं, समोरच्या पिचरमध्ये असतं. "आज डावखुरा आहे" एवढं म्हटलं की पुरतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. बहुतेक पिचर उजव्या हाताचेच असतात, त्यामुळे डावखुऱ्या बॅटरच्या वाट्याला भाकरीचा मोठा तुकडा जातो. तुमचा ज्येष्ठ डावखुरा आणि पोरगा उजवा असेल, तर नुसत्या प्लॅटूनने पोरगा उपाशी राहील.

फिलाडेल्फियाला २०१६मध्ये नेमका हाच पेच पडला. रायन हॉवर्ड: डावखुरा, ३६ वर्षांचा, २००८च्या विजेत्या संघाचा हिरो, पाच वर्षांच्या साडेबारा कोटी डॉलरच्या कराराचं शेवटचं वर्ष, आणि अॅव्हरेज .२००च्याही बराच खाली. मे महिन्यात टॉमी जोसेफ वर आला. उजवा, २४ वर्षांचा, मूळचा कॅचर. डोक्याला वारंवार मार बसल्यामुळे कॅचिंग सोडून फर्स्ट बेसवर आलेला. मॅनेजर पीट मॅकॅनिनने पिचरच्या हाताचा नियम धरून ठेवला नाही, उजव्या पिचरसमोरही जोसेफला उतरवलं. मोसमाअखेर हॉवर्डचे ११२ सामने आणि जोसेफचे १०७; हॉवर्डच्या २५ होमरन, जोसेफच्या २१. हॉवर्डचा अॅव्हरेज .१९६च राहिला, पण एका जागेवरून ४६ होमरन निघाल्या. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक टाळ्या आणि शिव्या दोन्हींत उदार. त्यांच्यासमोर हॉवर्डला त्या मोसमात पूर्ण बाहेर काढणंही जड गेलं असतं, आणि रोज खेळवणंही.

भूमिका लहान झाली म्हणजे माणूस संपला असं नाही, हे आल्बर्ट पूहोल्सकडे पाहून कळतं. एंजल्सने मे २०२१मध्ये त्याला सोडलं तेव्हा तो .१९८वर होता. फर्स्ट बेसवर जॅरेड वॉल्श रुळला होता, डेझिग्नेटेड हिटरची जागा शोहेई ओतानीकडे होती. वाटायला तुकडाच उरला नव्हता. डॉजर्सने त्याला घेतलं ते मुख्यतः डावखुऱ्या पिचरांसमोर खेळवायला, आणि तिथे त्याची बॅट बोलली. पुढच्या वर्षी आपल्या जुन्या सेंट लुइसमध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने २४ होमरन मारल्या आणि ७०३ वर थांबला. रोज खेळताना जी बॅट जड झाली होती, ती निवडक दिवशी पुन्हा हलकी झाली. तुमच्या ज्येष्ठाला कोणत्या प्रकारचा पिचर अजून झेपतो, हे वहीत शोधा आणि ते दिवस त्याला राखून द्या. आमच्या दादाला सावकाश, वळणदार फेकणारे चाळिशीतले पिचर अजून सहज सापडतात. कॉलेजची पोरं नाहीत सापडत.

आता बोलण्याविषयी. याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण मी इथेच सगळ्यात जास्त घाण केली.

कागद लागायच्या आधी सांगा. शक्यतो आदल्या संध्याकाळी, फोनवर नव्हे, समोर. फोनवरच सांगावं लागलं तरी मेसेज नको. इतर कोणी नसताना. 'तुला जरा विश्रांती देतोय' म्हणू नका. त्याला पस्तीस वर्षं खेळ कळतो, आणि विश्रांती हवी असती तर त्याने मागितली असती. 'वरून सांगितलंय', 'कमिटीचं म्हणणं आहे' हेही नको. निर्णय तुमचा आहे. मी पुढे दादाला जे सांगितलं ते असं होतं: "दादा, पुढचे सहा रविवार पोरगा चार खेळेल, तू दोन. तुझे दोन हे, या तारखांना. पोराच्या दिवशी शेवटच्या दोन इनिंगमध्ये गरज पडली तर पिंच हिटर तूच. फास्टबॉलला तुला उशीर होतोय असं मला दिसतंय. तुला काय वाटतं?" शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसा. माणसं पहिल्यांदा हवामानाबद्दल बोलतात, मग अंपायरबद्दल, आणि मग खरं. दादा दहा मिनिटांनी म्हणाला, "मार्चपासून मनगट दुखतंय. सांगितलं तर बसवशील म्हणून बोललो नाही." मीही त्याच्यापासून लपवत होतो, तोही माझ्यापासून.

एक चूक खास टाळा. त्याच बैठकीत 'आता तू पोराला शिकव' असं म्हणू नका. ऐकायला मोठेपणा दिल्यासारखं वाटतं, पण ज्याच्या ताटातली पोळी काढली त्यालाच वाढायला सांगण्यासारखं आहे ते. शिकवायचं असेल तर तो आपणहून शिकवेल, त्याच्या वेळेने. आमच्याकडे तिसऱ्या रविवारी दादा पोराला फर्स्ट बेसवर पाय कुठे टेकवायचा ते दाखवताना दिसला. बॅगच्या मधोमध नाही, आतल्या कडेला, म्हणजे पळत येणाऱ्याशी टक्कर होत नाही. मी काही बोललो नाही. त्या दोघांकडे बघतसुद्धा नसल्याचं दाखवलं.

पोराशीही बोला, त्याला वेगळं गाठून. त्याला दोनच गोष्टी ऐकायच्या असतात: किती सामने नक्की आहेत, आणि चूक झाली तर काय होईल. "चार सामने तुझे. दोन चेंडू सोडलेस तरी चौथा सामना तुझाच." त्याला दादाशी तुलना करणारं एकही वाक्य बोलू नका, कौतुकाचंसुद्धा. 'तू दादापेक्षा चपळ आहेस' हे वाक्य संध्याकाळपर्यंत अख्ख्या संघात फिरतं.

संघातले बाकीचे हे सगळं बघत असतात. विशेषतः तिशी ओलांडलेले. दादाला तुम्ही कसं वागवलं, त्यावरून ते आपली पाळी आल्यावर काय होईल याचा अंदाज बांधतात.

काही वेळा मात्र वाटणी हाच चुकीचा विचार असतो. २०१२च्या एप्रिलमध्ये एंजल्स ६-१४ अशा अवस्थेत होते. ३८ वर्षांचा बॉबी अब्रेऊ .२०८वर रखडला होता, आणि खाली ट्रिपल-एमध्ये वीस वर्षांचा माइक ट्राउट पिचरांना धुऊन काढत होता. आदल्या वर्षी ट्राउटला वर-खाली करून पाहिलं होतं, ४० सामन्यांत .२२०, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. तरी त्यांनी अब्रेऊला मोकळं केलं आणि दुसऱ्या दिवशी ट्राउटला उतरवलं. त्याने .३२६, ३० होमरन आणि ४९ चोरलेले बेस अशी कामगिरी केली. इथे चार-दोनची वाटणी करत बसणं म्हणजे भिजत घोंगडं ठेवणं झालं असतं. अब्रेऊसाठीही, कारण मोकळा झाल्यावर त्याला डॉजर्सकडे खेळायला मिळालं. पोरगा उघडउघड वरचढ असेल, ज्येष्ठासाठी राखून ठेवण्याजोगा दिवसच उरला नसेल, तर सरळ सांगा. अर्धवट ठेवलेल्या माणसाला दर रविवारी नव्याने वाईट वाटतं.

वॉली पिपची दंतकथा तुम्ही ऐकली असेल. १९२५च्या २ जूनला यांकीजच्या या फर्स्ट बेसमनने डोकं दुखतंय म्हणून सुट्टी घेतली, बदली आलेला लू गेहरिग २,१३० सामने हललाच नाही. डोकेदुखीची ही गोष्ट बहुधा मागाहून रचलेली आहे. संघ हरत होता, पिपची बॅट चालत नव्हती, आणि मॅनेजर मिलर हगिन्सने त्या दिवशी एकट्या पिपलाच नव्हे, आणखी ज्येष्ठांनाही बसवलं. पण डोकेदुखीची गोष्टच शंभर वर्षं टिकली. ज्येष्ठांना तीच ऐकवली जाते आणि ते दुखणी लपवायला शिकतात. आमच्या दादाने मनगट लपवलं तसंच.

आमच्या सहा रविवारांचा निकाल विचाराल तर फार सुबक नाही. दादा डेझिग्नेटेड हिटर झाला, सातव्या क्रमांकावर. पोराने दोन सोपे चेंडू सोडले, एक सामना त्यामुळे गेला, आणि पुढचा सामना त्याचाच होता. ऑगस्टअखेर तो कॉलेजला परत गेला आणि फर्स्ट बेस पुन्हा दादाकडे आला. हौशी संघांचे बरेच पेच असे शाळा-कॉलेजचं कॅलेंडर सोडवतं.

एक १९५१ची गोष्ट राहिली. न्यूयॉर्क जायंट्सच्या सेंटर फील्डला बॉबी थॉमसन होता. पाच वर्षं जम बसवलेला, दोनदा ऑल-स्टार, पण त्या मोसमात बॅट रुसलेली. मेच्या अखेरीस मिनियापोलिसला ३५ सामन्यांत .४७७ करणारा वीस वर्षांचा विली मेज वर आला आणि मॅनेजर लिओ ड्यूरोशरने सेंटर फील्ड त्याच्या हवाली केलं. पहिल्या २६ संधींत मेजला फक्त एक हिट मिळाला. पोरगा रडला, मला परत पाठवा म्हणाला. ड्यूरोशरने त्याला सांगितलं, सेंटर फील्ड तुझंच आहे. थॉमसन इकडेतिकडे फिरत राहिला, बाकावरही बसला. जुलैत थर्ड बेसमन हँक थॉम्पसन जायबंदी झाला तेव्हा ड्यूरोशरने थॉमसनला तिथे उभं केलं, आणि नव्या जागी त्याची बॅट पुन्हा बोलू लागली.

३ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवर, ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध लीगच्या विजेतेपदाचा निर्णायक सामना, नववी इनिंग, जायंट्स दोन रननी मागे, दोन जण बेसवर. समोर राल्फ ब्रँका. बॅटिंगला थॉमसन होता. त्याचा फटका डाव्या भिंतीपलीकडे गेला आणि जायंट्स जिंकले. पुढची पाळी मेजची होती. ऑन-डेक वर्तुळात गुडघा टेकून तो बसला होता, आणि आपली पाळी येऊ नये असंच तेव्हा वाटत होतं, हे त्याने पुढे स्वतः सांगितलं.